गुंडाचा वाटा

अमावास्येच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं की शालूबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. कुंडलकडून, नदीपलीकडच्या वाड्यांवरून सकाळपासून बैलगाड्या येत. उतरत त्या बहुतेक बायाच. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी असे. कुणाच्या धपाटी, कुणाची पुरणाची पोळी, कुणाचं नुसतं वांग्याचं भरीत. पोराला काय आवडत होतं, त्यावर ते ठरे. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. या बायांची पोरं परत आली नव्हती. घरी एक तार आली होती, आणि तारेत 'बेपत्ता' असा शब्द होता. मेला म्हणावं तर मातीला देह नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही.

अंगणाच्या मधोमध पाटावर शालूबाईचा पोरगा आकाराम बसलेला असे. वय सव्वीस. ब्रह्मदेशातून घरी आला तो उजव्या कानाच्या वर, जरा मागे, कवटीत लिंबाएवढा खळगा घेऊन. त्याच्यासमोर मोठं पितळी ताट, आणि त्याच्या डाव्या हाताला दुसरा पाट, रिकामा.

त्या रिकाम्या पाटावर नजर लावून समोरच मनुबाई बसे. तो पाट तिच्या बेपत्ता पोराचा, गुंडाचा होता.

"बघा माउल्यांनो, नीट बघा," अर्जुनबुवा ताटाभोवती मोरपीस फिरवत म्हणे. "उजवा भाग जित्याचा, डावा भाग गेलेल्याचा. मधली रेघ कुणी वडली? म्या वडली? सरकारनं वडली? आरं, यमानं वडली यमानं. टोपीवाल्याचा डाक्टर ती पुसंल व्हय?"

मग आकाराम जेवू लागे. मान खाली घालून, भुकेल्यासारखा. भाकरी उजवीकडून तुटत जाई ती बरोबर मध्यावर येऊन थांबे. पिठलं मध्यापर्यंत, भात मध्यापर्यंत. विळीनं कापावं तसं अर्धं ताट लख्ख होई आणि अर्धं जसंच्या तसं राही. तो बोटं चाटी आणि म्हणे, "संपलं, आये. आनि वाढ की."

अंगणातून एक उसासा उठे. समोर अर्धं ताट भरलेलं, आणि हा म्हणतो संपलं. जित्याला मेल्याचा वाटा दिसतच नाही, याहून आणखी पुरावा तो काय हवा?

"वाढू नगंस, शालूबाई," बुवा हात आडवा घाली. "त्यानं जास्त खाल्लं तर गेलेला उपाशी ऱ्हातू."

मग एकेक बाई पुढे येऊन आपलं फडकं ताटाच्या डाव्या बाजूला सोडी. पोराचं नाव सांगे. बुवा डोळे मिटून सांगे, "खाल्लं. म्हनतुया, आयला सांगा रडू नगं." निरोप सगळ्यांना हाच असे. नावं तेवढी बदलत. जाताना कुणी कोंबडी ठेवी, कुणी पायलीभर ज्वारी.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मनुबाईला पक्कं ठाऊक होतं. ते तिनंच सुरू केलं होतं.

गुंडा आणि आकाराम शेजारी वाढले, एकाच दिवशी पलटणीत गेले, आणि लहानपणापासून एकाच ताटात जेवले. गुंडा डावखुरा. उजवीकडे बसला की दोघांची कोपरं एकमेकांवर आपटत आणि भांडण होई. म्हणून मनुबाईनंच नियम घातला होता: गुंडानं डाव्या अंगाला बसायचं, डावीकडचं खायचं, आक्यानं उजवीकडचं. पोरांनी तो नियम मिशा फुटल्या तरी मोडला नाही.

आकाराम परत आला त्या दिवशी मनुबाई धावत गेली होती. "आक्या, माझा गुंडा कुठं हाय रं?"

आकारामनं मान वर केली. मग म्हणाला, "माझ्या डाव्या अंगाला हुता, काकी." तेवढ्यात त्याचं डोकं ठणकू लागलं, तो भिंतीला टेकला, आणि बोलणं तिथंच राहिलं. दुपारी शालूबाईनं ताट वाढलं. आकारामनं उजवीकडचं खाल्लं आणि डावीकडचं तसंच ठेवलं. मनुबाईनं उरल्या भाकरीकडे बोट केलं. "शालू," ती म्हणाली, "ह्यो माझ्या गुंडाचा वाटा. त्येनं ठिवलाय बघ."

एवढंच ती बोलली होती. पाणवठ्यावर ते चार तोंडांनी फिरलं, आणि आठ दिवसांत कुठूनसा अर्जुनबुवा वास काढत आला. आकाराम सदऱ्याच्या उजव्या बाहीत हात घालतो आणि डावी बाही लोंबती ठेवतो, ती बाही गुंडाची. आकाराम डाव्या गालाची दाढी करत नाही, तो गाल गुंडाचा. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो, तो गुंडानं मारलेला धक्का. बुवाकडे सगळ्याला एकच उत्तर होतं, आणि ते मनुबाईच्या तोंडून उचललेलं होतं.

तिला मात्र बुवा खोटा वाटत नव्हता. महिन्यातून एकदा, ऊन डोक्यावर असताना, तिचा पोरगा तिच्यापासून दोन हातांवर बसून जेवत होता. ती आणखी काही मागत नव्हती.

वैशाखात एका दुपारी शाळेतल्या लालासाहेब गुरुजींनी तिला बोलावून घेतलं. गुरुजींचे केस आता पांढरे झाले होते. गुंडा आणि आकाराम दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकले होते. पोरं घरी गेली होती. गुरुजींनी तिला पाणी दिलं आणि एक पाटी पुढे ठेवली.

पाटीवर देऊळ काढलेलं होतं, पण अर्धंच. मधोमध चिरावं तसं. उजवीकडची भिंत होती, उजवीकडची दीपमाळ होती, अर्धा कळस होता. डावीकडे पाटी कोरी.

"आकारामनं काढलंय," गुरुजी म्हणाले. "मी विचारलं, झालं का? म्हणाला, झालं की, पुरं देऊळ काढलं. बाहेरची पाटी वाचायला सांगितली. लोकल बोर्ड मराठी शाळा. त्यानं वाचलं, मराठी शाळा. आता सांगा मनुबाई, देवळाची डावी भिंतही गुंडानंच खाल्ली का?"

मनुबाई पाटीकडे बघत राहिली. "मग काय झालंय त्येला?"

"तुमच्या घरात चूल कुठं आहे?"

"आतल्या खणात."

"जातं?"

"सोप्यात. आनि गोठा मागल्या अंगाला. त्येचं काय, गुर्जी?"

"चुलीवरची भिंत पडली तर जातं बंद पडतं का?"

"त्ये कशाला पडंल? भाकरी तेवढी हुनार न्हाई."

"डोकंही असंच आहे. आत मेंदू असतो, आणि त्यात प्रत्येक कामाचा खण वेगळा. मागच्या बाजूला बघायचा खण. डोळा नुसतं आत आणून टाकतो, काय दिसलं ते तिथं उमगतं. डाव्या बाजूला बोलायचा. मागे खाली, मानेजवळ, एक लहान मेंदू आहे, तो तोल सांभाळतो. म्हणून डोक्यावर हंडा घेऊन तुम्हाला चालता येतं. आणि उजवीकडे, कानाच्या वर, जिथं आकारामला खळगा आहे ना, तिथं एक राखणदार बसलेला असतो. त्याचं काम एवढंच, की डावीकडेही जग आहे, तिकडे बघ, असं सांगत राहायचं."

"उजवीकडं बसून डावीकडचं?"

"हो. आपल्या डोक्यातले कासरे आडवे बांधलेत. उजव्या हातातला कासरा डाव्या बैलाला आणि डाव्यातला उजव्याला. तसं का, ते मलाही ठाऊक नाही, पण आहे खरं. बॉम्बचा तुकडा लागला आणि तो राखणदार पडला. आकारामचा डोळा चांगला आहे, मनुबाई. पण डावीकडे काही आहे हे त्याला कुणी सांगतच नाही. म्हणून तो अर्धं खातो आणि संपलं म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्यापुरतं ताट तेवढंच आहे."

मनुबाईनं पाटी उलटी करून ठेवली. "तुमी माझं पोर दुसऱ्यांदा मारताय, गुर्जी."

गुरुजींनी पाटी बाजूला सारली. बाहेर चिंचेखाली शेळी ओरडत होती. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हा पलटणीच्या दवाखान्यातला. इंग्रजीत आहे. बुवानं चुलीत टाकायला सांगितला होता, म्हणून आकारामनं माझ्याकडे आणून दिला. यात लिहिलंय, हाडाचा बारीक तुकडा आत राहिला आहे. डोकं दुखू लागलं, ताप आला, ओकाऱ्या झाल्या तर लगेच दवाखान्यात न्या. मी मिरजेच्या डॉक्टरांना पत्र घातलं होतं. काल उत्तर आलं. तेही हेच म्हणतात. आत पू धरत असेल. उशीर केला तर पोरगा हातचा जाईल."

"शालूला सांगा की."

"तीनदा सांगितलं. ती म्हणते, मनुबाईचा पोरगा माझ्या अंगणात जेवतोय, मी त्याला कशी उठवू?" गुरुजींनी कागदाची घडी पुन्हा घातली. "हे खूळ मोडायचा उपाय सोपा आहे. ताट फिरवायचं. डावी बाजू उजवीकडे आणायची. पण मी फिरवलं तर लोक म्हणतील, मास्तरानं बाटवलं. आणि बाई, त्या ताटावर हक्क असलाच तर तुमचा आहे. मी सांगायचं ते सांगितलं. ठरवा तुम्ही."

मनुबाई उठली आणि चालू लागली. घराकडे न वळता ती शालूबाईच्या दारात गेली. आकाराम ओसरीवर बसला होता. ती त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, "आक्या."

तो उजवीकडे बघू लागला. तिकडे कुणी नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली. त्यानं आणखी उजवीकडे मान वळवली आणि भेदरून म्हणाला, "कोन हाय?"

ती पुढून वळसा घालून उजवीकडे आली. त्याचा चेहरा एकदम उजळला. "काकी, तू व्हय. कवा आलीस?"

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं. गालाची हाडं वर आली होती. मनगट तिच्या मनगटाएवढं झालं होतं. इतके दिवस ती त्याच्यासमोर बसत होती, पण तिची नजर शेजारच्या पाटावर होती. हे पोरगं वाळत चाललंय, हे तिला दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी अमावास्या आली. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण बुवानं आधीच सांगून ठेवलं होतं की आज मोठं काही घडणार. आकारामला दोघांनी धरून पाटावर आणलं. सकाळपासून त्याला दोनदा ओकारी झाली होती.

"माउल्यांनो," बुवानं आवाज खाली आणला, "गुंडा रागावलाय. म्हनतुया, दोस्त मला सोडून एकला घरी आला. त्यो न्यायला आलाय. थांबवायचं आसंल तर एकच. आज जेवल्यावर तीन दिस ह्येनं अन्नाला शिवायचं न्हाई. गोळी न्हाई, पाणी बेतानं. गेलेल्याला पोटभर जेवू द्या, मग त्यो शांत हुईल."

शालूबाईनं पदर तोंडात कोंबला. कुणीतरी म्हणालं, "आवं, पोरगं आधीच काटकी झालंय."

"मग जिचा गुंडा तिलाच इचारू की," बुवा वळला. "बोल मनुबाई. तुझ्या पोराला काय पायजेल? तूच सांग समद्यांना."

सगळं अंगण तिच्याकडे बघू लागलं. आकाराम मान खाली घालून जेवत होता. भाकरी मध्यावर आली, थांबली. त्यानं बोटं चाटली. "संपलं, आये. भूक हाय अजून."

मनुबाई उठली. ताटाजवळ आली. रिकाम्या पाटाकडे तिनं एकदा बघितलं. जेवायला बसवलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायला जावं तसा तिचा हात जरा पुढे झाला आणि तसाच मागे आला. मग ती वाकली, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि अर्धा फेरा फिरवलं. पितळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर खरखरलं.

भरलेली बाजू आकारामच्या उजवीकडे आली.

"आये," तो म्हणाला, "ह्ये कवा वाढलंस?" आणि भाकरीवर तुटून पडला.

अंगणात कुणी हललं नाही. गेलेल्या माणसाचा वाटा जिता माणूस घासाघासानं खात होता, आणि आभाळ जाग्यावर होतं. त्यानं ताट पुसून घेतलं.

बुवाचं मोरपीस क्षणभर थांबलं. पण जीभ सरावाची होती. "बघितलंसा? गुंडा उठून उजवीकडं गेला. मेल्याला काय, हिकडं बसंल न्हाईतर तिकडं बसंल."

"न्हाई बसायचा," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझा गुंडा डावखुरा हुता. उजवीकडं बसला की आक्याचं कोपार त्येला लागायचं. जन्मात कवा बसला न्हाई. त्यो मी जेवू घातलेला हाय, बुवा. तुमी न्हाई."

मागून कुणीतरी हसलं.

ती आकारामच्या उजव्या अंगाला बसली. त्याच्या हनुवटीला हात लावून तिनं त्याचं तोंड हळूहळू डावीकडे वळवलं, पुरतं वळवलं. "बाळ, नीट बघ. तिकडं कोन हाय?"

त्यानं बराच वेळ बघितलं. "पाट हाय, काकी. रिकामा."

"आनि गुंडा?"

"गुंडा तिथंच ऱ्हायला, काकी. टेकडीवर. माझ्या डाव्या अंगाला हुता तवा गोळा पडला. म्या त्येचा हात धरला हुता. थंड झाला तवर धरला हुता."

"मग सांगितलं का न्हाईस रं?"

"तू पयल्या दिशी इचारलंस, तवा डोस्कं फुटत हुतं. मागनं कुनी इचारलंच न्हाई. समदी ताटाला इचारत हुती."

मनुबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं. ती रडली ते तेव्हा. तार आली तेव्हा रडली नव्हती, कारण तारेत तिला आशेला जागा दिसली होती. आता जागा उरली नव्हती.

गुरुजींनी बैलगाडी आधीच जुंपून ठेवली होती. आकारामला तिच्यात निजवलं. गाडी स्टेशनाकडे लागली तेव्हा बुवाची जागा रिकामी होती आणि त्याच्याबरोबर बांधून ठेवलेल्या चारही कोंबड्या गेल्या होत्या.

पण बाया गेल्या नव्हत्या. नदीपलीकडची रंगूबाई, जिचा धाकटा बेपत्ता होता, ती मनुबाईसमोर येऊन उभी राहिली. हातातली पुरणाची पोळी तिनं अजून ताटाला लावली नव्हती.

"तुझं गेलं त्ये गेलं. आमचं कशाला घालवलंस, बाय? म्हैन्यातनं येकदा जेवत हुता की माझा."

रंगूबाई तिथंच अंगणात बसली आणि फडकं मांडीवर घेऊन हमसू लागली. मग मनुबाई तिच्याशेजारी बसली. संध्याकाळपर्यंत दोघी तिथंच बसून होत्या, आणि त्या दिवशी पुरणाची पोळी कुणीच खाल्ली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी कवटी उघडून हाडाचा तुकडा काढला, पू काढला, नव्या औषधाची इंजेक्शनं दिली. आकाराम वाचला. आणखी चार दिवस गेले असते तर वाचला नसता, असं त्यांनी गुरुजींना सांगितलं. पण डावी बाजू काही परत आली नाही. त्याच्यापुरतं अंगण अर्धंच राहिलं. गुरुजींनी त्याला शिकवलं, वाचताना ओळीच्या डाव्या टोकाला लाल दोरा ठेवायचा आणि तो दिसेपर्यंत मान वळवत राहायचं. दोरा हाताशी असला की तो पुरी ओळ वाची. नसला की विसरे.

मनुबाईनं गुंडाचे दिवस घातले. आणि मग रोज दुपारी ती शालूबाईकडे जाऊ लागली. उजव्या अंगाला बसायची. आकाराम "संपलं" म्हणाला की ताट फिरवायची.

पावसाळ्यानंतर एकदा गुरुजी चौथीचा वर्ग घेऊन तिथं आले. मेंदूचा धडा त्यांना पोरांना पुस्तकातून शिकवायचा नव्हता. आकारामनं पाटीवर देऊळ काढून दाखवलं, पोरांबरोबर स्वतःच हसला. मग जेवायला बसला. अर्धं ताट झालं.

विजयमाला नावाची एक मुलगी मनुबाईच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "आज्जी, मग गुंडामामा तिथं कवाच न्हवता?"

"न्हवता, बाळ."

"मग तुमाला कसा दिसत हुता? तुमच्या डोस्क्याला तर काय लागलं न्हवतं."

गुरुजींनी मनुबाईकडे बघितलं.

"न्हवतं लागलं," मनुबाई म्हणाली. "माझं डोस्कं धड हुतं, म्हनून तर लाज वाटती. आक्याला येक बाजू दिसत न्हाई, त्येचा इलाज न्हाई. मला दोन्ही दिसत हुत्या. येकीकडं रिकामा पाट, दुसरीकडं उपाशी पोर. म्या पाटाकडंच बघत बसले, कारन मला त्योच बघायचा हुता. तसं बसणारं मानूस बुवाला लगीच वळखू येतं. तुमी तसं नगा करू. लय मोठी करामत कुनी दावली, तर हात जोडायच्या आदी ताट फिरवून बघा. आनि ज्येला लागलंय, त्येला इचारा. त्यो समोरच बसलेला आसतो."

"संपलं, काकी," आकाराम म्हणाला.

मनुबाईनं विजयमालेला हलकेच पुढे ढकललं. मुलगी उठली, तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं, आणि जमिनीवर खरखर करत ते फिरवलं.